पाटांगणची पोथी आणि सहा जुन्या डिस्का

मंडळी, आज विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. कॉम्प्युटरचं कमी आणि पोथ्यांचं जास्त बोलणार आहे.

प्रश्न असा आहे: जी वस्तू मोडणार हे आधीपासून माहीत आहे, तिच्या भरवशावर एखादी गोष्ट शंभर वर्षं टिकवायची कशी? हार्ड डिस्क मोडते, कागदाला कसर लागते, माणूस मरतो. म्हणजे माध्यम कुठलंही घ्या, ते दगा देणारच. तरी काही गोष्टी सातशे-आठशे वर्षं टिकल्या. त्या कशा टिकल्या याचं उत्तर शोधायला कॅलिफोर्नियाला जावं लागतं आणि बीडलाही. आपण दोन्हीकडे जाऊ.

आधी कॅलिफोर्निया. १९८८ साली बर्कले विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला. तेव्हा मोठ्या कंपन्या आय.बी.एम. ३३८० सारख्या अवाढव्य, महागड्या डिस्का वापरायच्या. त्याच सुमाराला घरगुती पीसीसाठी छोट्या, स्वस्त डिस्का यायला लागल्या होत्या. हे तिघे म्हणाले, एका मोठ्या डिस्कऐवजी या स्वस्त डिस्कांचा जथा का बांधू नये? वेग जास्त, खर्च कमी, वीजही कमी. गोम एकच होती आणि ती त्यांनी स्वतःच मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरलं, तर १०० डिस्कांच्या जथ्यात सरासरी ३०० तासांत एक तरी जाणार. ३०० तास म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत! म्हणून त्यांनी पुढची युक्ती सांगितली: काही डिस्का जादा ठेवायच्या आणि त्यांच्यावर बाकीच्यांचा हिशेब लिहायचा.

हा हिशेब समजायला सोपा आहे. समजा तीन भावांनी आपापल्या चिठ्ठीवर एकेक आकडा लिहिला: ७, ४ आणि ९. चौथ्याने फक्त बेरीज लिहिली, २०. आता कुठलीही एक चिठ्ठी हरवू द्या. ४ हरवला तर २० मधून ७ आणि ९ वजा करा, ४ परत हजर. डिस्का हेच बेरजेऐवजी बिट्सवर करतात, त्याला पॅरिटी म्हणतात. या पद्धतीचं नाव 'रेड'. त्यातल्या 'आय'चा अर्थ मूळ निबंधात 'स्वस्त' असा होता. पुढे डिस्कांच्या जथ्याची पेटी महागात विकायची वेळ आली तेव्हा 'स्वस्त' हा शब्द अडचणीचा झाला आणि त्याच 'आय'चा अर्थ 'स्वतंत्र' असा करण्यात आला. मार्केटिंगवाले सगळीकडे सारखेच :-)

आता बीड.

मराठीतला आद्यग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात तो मुकुंदराजांचा विवेकसिंधू शके १११० चा, म्हणजे सन ११८८ चा मानतात. मुकुंदराजांची समाधी आपल्या अंबाजोगाईला आहे. त्याच गावात पुढे दासोपंत होऊन गेले (१५५१ ते १६१५). दासोपंत हा माणूस म्हणजे इंजिनिअरच्या डोक्याला खुराक आहे. गीतेवर त्यांनी 'गीतार्णव' लिहिला, सव्वा लाख ओव्यांचा! ज्ञानेश्वरीच्या ओव्या साधारण नऊ हजार, यावरून अंदाज करा. आणि कागद कमी पडला की काय कोण जाणे, पण 'पंचीकरण' हा ग्रंथ त्यांनी चक्क कापडावर लिहिला. साधारण चाळीस फूट लांब आणि चारेक फूट रुंद असं ते जाडंभरडं कापड आहे. तीच प्रसिद्ध 'पासोडी'. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायची जाड चादर. अंबाजोगाईने ती चारशे वर्षं सांभाळली.

आता माझ्यातला हिशेबी माणूस जागा होतो. एक ओवी युनिकोडमध्ये ठेवायला ढोबळमानाने २०० बाइट लागतात असं धरू. ज्ञानेश्वरी झाली १.८ एमबी. गीतार्णव झाला २५ एमबी. एका लग्नाच्या व्हिडिओतल्या दोन मिनिटांत दासोपंतांचं आयुष्यभराचं काम मावेल. साठवणीचा प्रश्न आज उरलाच नाही असं वाटतं.

पण दुसरा हिशेब करा. एक लेखनिक दिवसाला १०० ओव्या नकलतो असं समजू. ज्ञानेश्वरी ९० दिवसांत होते. एका चातुर्मासात बसलं तरी हातात वेळ उरतो. गीतार्णवाला लागतात १२५० दिवस, म्हणजे जवळपास साडेतीन वर्षं. कुठला शेतकरी, कुठला कुलकर्णी एवढा वेळ काढणार? ज्ञानेश्वरी घराघरात गेली आणि गीतार्णव अभ्यासकांपुरता राहिला. याची कारणं अनेक असतील, वारकरी परंपरा हे सगळ्यात मोठं. पण नक्कल करायला सोपी असलेली गोष्ट पसरते, हेही त्यातलं एक कारण असणारच असं मला वाटतं.

गंमत पाहा. दासोपंतांच्या हातची पासोडी आजही आहे. ज्ञानेश्वरी मात्र शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली नेवाशाला सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, पण त्या मूळ पोथीचा पत्ता नाही. मूळ प्रत गेली आणि ग्रंथ राहिला! पासोडी म्हणजे एक मोठी, महाग, जिवापाड जपलेली डिस्क. ज्ञानेश्वरी म्हणजे शेकडो स्वस्त डिस्कांचा जथा. त्यातली प्रत्येक कधी ना कधी मोडली, तरी जथा चालूच राहिला.

मात्र नकलांमध्ये एक धोका असतो. दर नकलेला चुका घुसतात. कुणी अक्षर चुकतो, कुणी जुना शब्द कळला नाही म्हणून ओळखीचा घालतो, कुणी हौशी माणूस चार ओव्या पदरच्या टाकतो. तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीचं असंच झालं. तेव्हा पैठणच्या एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत तयार केली. शेवटी त्यांनी बजावून ठेवलं की यापुढे कुणी आपल्या ओव्या यात घालू नयेत. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी स्क्रबिंग केलं आणि मग फाइल राइट-प्रोटेक्ट केली.

'स्क्रबिंग' म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढे लागेल. सन कंपनीतल्या जेफ बॉनविक आणि मॅट अ‍ॅरन्स यांच्या टीमने 'झेडएफएस' नावाची फाइल सिस्टिम केली, २००५ साली तिचा सोर्स खुला झाला. तिची खुबी अशी की डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा चेकसम ठेवते. डिस्क जर बिनबोभाट चुकीचं काही वाचून देऊ लागली, तर चेकसम जुळत नाही, चोरी पकडली जाते, आणि दुसऱ्या प्रतीवरून किंवा पॅरिटीवरून दुरुस्ती होते. महिन्यातून एकदा सगळा डेटा मुद्दाम वाचून तपासायचा, हे स्क्रबिंग. साध्या रेडला फक्त 'डिस्क मेली' एवढंच कळतं. 'डिस्क खोटं बोलतेय' हे कळायला चेकसम लागतो.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. वेद पाठ करणारे तेच शब्द संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या क्रमांनी, उलटसुलट म्हणतात. एका पाठात शब्द निसटला तर दुसऱ्या पाठात तो अडखळतो. मेंदू हीच हार्ड डिस्क असली तर एरर करेक्शन असंच करावं लागणार. लेखनिकांना मेहनताना देण्यासाठी ३२ अक्षरांचा एक 'ग्रंथ' मोजायची पद्धत होती. पैशासाठी मोजलेला आकडा, पण पान हरवलं की तोच आकडा चुगली करणार! पोथीच्या शेवटी लिहिणाऱ्याची एक विनंतीही पुष्कळदा दिसते: मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वाचवा, मूर्खाच्या हाती देऊ नका. वॉरंटी कार्डावरच्या अटी म्हणतात त्या ह्याच.

आणि चेकसम नसेल तर काय होतं? त्याचं उदाहरणही आपल्याच भाषेत आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी गेली. मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्या आठवणीवरून पंथाने ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यातला हिराइसेचा पाठ प्रसिद्ध आहे. एका बाईच्या स्मरणातून मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ रिकव्हर झाला, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो. पण असे पाठ एकाहून अधिक झाले आणि ते तंतोतंत जुळेनात. कुठला खरा, याचा वाद अभ्यासक आजही घालतात. डेटा वाचला, पण पडताळून बघायचं साधन उरलं नाही.

आता पाटांगणची गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे महाराष्ट्रभर पायपीट करून जुने कागद गोळा करायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला, नंतर आणखी एकवीस. त्यांना बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी सापडली. तिची भाषा पाहून त्यांनी मत दिलं की ही एकनाथांच्या शुद्धीकरणाच्याही आधीची परंपरा आहे. म्हणजे एकनाथांनी दुरुस्त करून लॉक केलेल्या शाखेपेक्षा वेगळी शाखा! १९०९ साली त्यांनी ही प्रत छापली आणि तिच्या भाषेवर व्याकरणही लिहिलं. विद्वानांत वाद झडले, पोथी खरंच तेवढी जुनी का, यावर शंका घेतल्या गेल्या. आणि मग जे झालं असं सांगतात ते ऐकून कुणीही कपाळाला हात लावेल: संतापी स्वभावाच्या राजवाड्यांनी रागाच्या भरात ती मूळ पोथीच नष्ट केली.

ज्या माणसाने आयुष्य कागद वाचवण्यात घालवलं, त्याच्याच हातून. म्हणजे डेटा जायला दर वेळी कसर, आग किंवा परकी फौज लागत नाही. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो मालकच पुरेसा असतो. छापील 'राजवाडे प्रत' होती म्हणून ग्रंथ राहिला. पण पोथीचा कागद, शाई, अक्षराचं वळण, समासातल्या खुणा, यावरून तिचं वय ठरवता आलं असतं, ते कायमचं गेलं. तिचा फोटो असता तर वाद कदाचित मिटला असता.

हे सगळं मला का महत्त्वाचं वाटतं? कारण २०२३ साली मराठवाड्यात जुन्या कागदाला अचानक सोन्याचा भाव आला. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुनं दप्तर मोडीत, उर्दूत, फारसीत. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा महसुली कागदं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, सगळं बाहेर निघालं, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. आरक्षणाच्या वादात तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, एक गोष्ट सगळ्यांना दिसली: एखाद्या पोराचं अ‍ॅडमिशन पणजोबाच्या नावापुढच्या एका शब्दावर अडकलं होतं, आणि तो शब्द ज्या पानावर होता ते पान असेल तर आहे, नसेल तर नाही. शेजारच्या गावाचं दप्तर नीट आणि आपल्या गावाचं वाळवीने खाल्लेलं, यात कुणाचा काय दोष?

सरकारी कागदाचं सरकार बघेल. घरातल्या कागदाचं आपण बघायचं. आमच्या अंबाजोगाईच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. त्यात खरेदीखतं, दोन-चार मोडी कागद, आजोबांची पत्रं, लग्नांचे फोटो. गेल्या वर्षी मी आणि चुलतभावाने बसून सगळं स्कॅन केलं. मग ठेवायचं कुठे, म्हणून घरीच एक फाइल सर्व्हर बांधला, जुन्या डिस्कांचा. ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप पुरतो. कॅबिनेटमध्ये हवा खेळायला जागा हवी आणि एसएमपीएस चांगला हवा, तिथे कंजुषी नको. मी पुण्यातून एक टीबीच्या नऊ जुन्या डिस्का आणल्या. प्रत्येकीची 'स्मार्ट'ची कुंडली काढली: किती तास चालली आहे, किती सेक्टर बदलले गेले, किती 'पेंडिंग' आहेत. मग पूर्ण डिस्कवर लिहून परत वाचायची चाचणी, एकेकीला जवळपास एक दिवस. तीन नापास झाल्या, सहा उरल्या. वेगवेगळ्या बॅचच्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या, कारण सख्ख्या बहिणी एकदमच आजारी पडतात.

चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पहिल्या वर्षी १.७ टक्के डिस्का गेल्या, तीन वर्षं जुन्या डिस्कांत ते प्रमाण वर्षाला ८.६ टक्क्यांवर गेलं. पहिली स्कॅन एरर दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता बाकीच्यांच्या ३९ पट. आणि मेलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी मरायच्या आधी स्मार्टमध्ये हूं की चूं केलं नव्हतं! ८.६ टक्के धरला तर सहांपैकी एक तरी डिस्क वर्षभरात जाण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर निघते. म्हणून मी सहापैकी दोन डिस्का जाऊ शकतील अशी रचना केली, झेडएफएसमध्ये तिला 'रेड-झेड२' म्हणतात. सहा टीबी विकत घेतले, वापरायला चार मिळाले. दोन टीबी हा विम्याचा हप्ता. एक डिस्क गेली की नवी लावायची, आणि ती भरत असताना दुसरी गेली तरी चालेल, हा दोनचा फायदा. कारण भरतानाच जुन्या डिस्कांवर सगळ्यात जास्त ताण येतो.

आपल्याकडे लाइट जाणार हे गृहीत धरा. यूपीएस लावा आणि बॅटरी उतरली की मशीन आपोआप नीट बंद होईल असं सेटिंग करा. धूळ आणि उन्हाळा, दोन्हींसाठी दर दोन महिन्यांनी कॅबिनेट उघडून साफ करा.

पण हे सगळं करूनही तो बॅकअप नव्हे! रेड डिस्क मोडण्यापासून वाचवतं. वीज पडली, चोर आला, घरातल्या कुणी चुकून फोल्डर उडवलं, तर सहाही डिस्का एकदम आज्ञाधारकपणे ते फोल्डर विसरतील. राजवाड्यांच्या पोथीपुढे रेड काय करणार? म्हणून प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत दुसऱ्या गावात, हा जुना नियम पाळायचा. आमची एक प्रत घरच्या सर्व्हरवर, दुसरी माझ्याकडे पुण्यात, तिसरी औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) आत्याकडे एका साध्या डिस्कवर. आत्याला फाइल सिस्टिम म्हणजे काय ते माहीत नाही आणि त्याची गरजही नाही. तिने फक्त ती कपाटात ठेवायची आणि दिवाळीला मी आलो की काढून द्यायची. मी ती तपासून, नवं काही असेल ते भरून परत देतो.

आणि हो, स्कॅन केले म्हणून मूळ कागद टाकून देऊ नका. ते कोरड्या सुती कापडात, सैल नाही आणि करकचूनही नाही, असे बांधून ठेवा. पासोडी चारशे वर्षं टिकली ती कुणीतरी दर पिढीत ती उलगडून, झटकून, परत घडी घातली म्हणून.

तर या सुट्टीत गावी गेलात की माळ्यावर एकदा चढा. मोडी कागद निघाले आणि वाचता आले नाहीत तरी आधी फोटो काढा, वाचणारा नंतर भेटतो. फोटो काढताना कागदाच्या चारही कडा दिसू द्या, मागची बाजूही घ्या, आणि शेजारी फूटपट्टी ठेवा. काढलात की त्याच दिवशी एक प्रत चुलतभावाला किंवा मावशीला पाठवा. सर्व्हर पुढच्या महिन्यात बांधला तरी चालेल.